हात बसला

४ जानेवारी

पिठाचा व्यापारी दरवर्षी नवी डायरी देतो आणि दरवर्षी तिच्यात केकच्या ऑर्डरी लिहिल्या जातात. यंदा मी ती आल्या आल्या माझ्या कपाटात टाकली. बेकरीच्या काउंटरवर दिवसभर बोलून तोंड दुखतं, पण जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. नवऱ्याशी बोलावं तर तो आजारी, लेकीशी बोलावं तर ती भट्टीपाशी. कागद तरी मध्येच उठून जाणार नाही.

बातमी अशी की ह्यांचं औषध मंजूर झालं. मोठ्या इस्पितळातून फोन आला तेव्हा मी एका बाईंना ब्रेड कापून देत होते. फोन ठेवला आणि कापलेला ब्रेड पुन्हा आडवा कापला. माझं तोंड बघून बाईंनी तो तसाच पिशवीत टाकला.

सहा-सात वर्षं चाललंय. आधी पावलं बधिर, मग तळव्यांची आग, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, पोट तर कधी धड नाही. एका डॉक्टरांनी साखर म्हटलं, दुसऱ्यांनी मणका, तिसऱ्यांनी जीवनसत्त्वं कमी. चौथ्यांनी माझ्याकडे बघत विचारलं, घरात काही ताणतणाव? त्यांना मी मनातल्या मनात भट्टीत घातलं. शेवटी मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी आधी एवढंच विचारलं, वडील कशाने गेले? पोटाने, झिजून. भाऊ? हृदयाने, पन्नाशीच्या आत. मग त्यांनी रक्त पाठवलं आणि नाव निघालं : ट्रान्सथायरेटिन अमायलॉयडोसिस. मी ते पाठ केलं, तर ह्यांनी विचारलं, "एवढं मोठं नाव, आणि रोग काय पायात मुंग्या?" हसले आणि हसता हसता खुर्चीत बसले, कारण अंधारी आली.

९ जानेवारी

आज डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. आपलं यकृत एक प्रथिन तयार करतं. ह्यांच्या घराण्यात त्या प्रथिनाची घडीच चुकते. चुकलेलं प्रथिन रक्तातून फिरत फिरत मज्जातंतूंवर, हृदयावर, आतड्यावर जाऊन बसतं आणि थर धरतं. मी विचारलं, ते खरवडून काढता येत नाही का? नाही म्हणाल्या. पण ते तयारच होऊ द्यायचं नाही, असं करता येतं.

मला समजावं म्हणून त्यांनी बेकरीतलंच उदाहरण घेतलं. समजा, रोज आत एक ऑर्डरची चिठ्ठी जाते आणि आतले कारागीर त्याप्रमाणे माल काढतात. चिठ्ठीच चुकीची आहे. हे औषध म्हणजे त्याच चिठ्ठीची उलटी चिठ्ठी. ती जाऊन पहिलीला तोंडाला तोंड लावून चिकटते. चिकटलेल्या चिठ्ठ्या आतला झाडूवाला फाडून टाकतो आणि कारागीर हातावर हात धरून बसतात. मी म्हटलं, उलटीच हवी का, ह्यांना त्या आधीच खूप होतात. डॉक्टरीणबाई क्षणभर बघतच राहिल्या आणि मग खो खो हसल्या. मला बरं वाटलं. त्या खोलीत कुणी हसत नसावं.

आता वाईट ते. जे गेलं ते परत येणार नाही. औषध फक्त पुढचं थांबवतं, म्हणून जितक्या लवकर सुरू होईल तितकं जास्त वाचतं. दर आठवड्याला पोटात किंवा मांडीत इंजेक्शन. रक्तातल्या प्लेटलेट खाली येऊ शकतात, म्हणून रक्ताची तपासणी सतत. मूत्रपिंडावरही नजर ठेवायची. ते प्रथिन 'अ' जीवनसत्त्व वाहून नेतं, म्हणून त्याची गोळी रोज.

उठता उठता त्यांनी विचारलं, मुलं किती? एक मुलगी, एकोणतीस वर्षांची. तर म्हणाल्या, प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी असते, तिला एकदा तपासून घ्या.

घरी आल्यावर टमीला सांगितलं. (जन्मली तेव्हा फुगलेल्या पावासारखी टम्म होती, म्हणून टमी.) तिने कणीक लागलेले हात पुशीत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघू नंतर." मीही म्हटलं, बघू नंतर. एका वेळी एकच संकट.

१७ जानेवारी

पहिलं इंजेक्शन. इस्पितळात नर्सने दिलं आणि पुढची मी द्यायची म्हणून शिकवलं. घरी संत्र्यावर सराव करा म्हणाली. संत्र्याला कसली आलीये कातडी. मी मळलेल्या पिठाचा गोळा घेतला, चिमटीत धरला आणि सुई घातली. मामा बघत उभे होते. मामा म्हणजे आमचे जुने कारागीर. मामा कुणाचेच नाहीत, पण सगळे मामा म्हणतात. ते म्हणाले, "वहिनी, तो पाव भट्टीत घालायचा की दवाखान्यात न्यायचा?"

२ फेब्रुवारी

दोन इंजेक्शनं माझ्या हाताने झाली. ह्यांचं वजन कमी झालेलं नाही. ह्या घरात आता हीच आनंदाची बातमी.

भट्टीचं काम सगळं टमीवर आलंय आणि ती ते करते. पोर दांडगी आहे. काल बघितलं तर बिस्किटांचा ट्रे तिने फडकं न घेता ओढला आणि टेबलावर ठेवला. मी ओरडले. तिने तळहात माझ्यापुढे केला. काही नाही, जरासा लाल. "कळत नाही गं आई आता फारसं," म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी काउंटर सोडून ह्यांना सांगायला वर गेले. ह्या घराण्यात 'हात बसला' म्हणजे नुसतं काम येतं असं नव्हे. हात बसला म्हणजे भट्टीतला ट्रे उघड्या हाताला लागत नाही. माझे सासरे तापल्या ट्रेवर हात ठेवून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे. लोक लांबून बघायला यायचे. त्यांचा हात चाळिशीला बसला. ह्यांचा पस्तिशीला. धाकट्या दिरांचाही बसला होता. आता टमीचा, तिशीच्या आत. मी लग्न होऊन आले तेव्हा खूप हौसेने प्रयत्न केला होता, पण फोडांशिवाय काही पदरात पडलं नाही. सासरे हसून म्हणायचे, "सूनबाई, रक्तात असावं लागतं."

ह्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. आजाराने माणूस किती आत वळतो.

१९ फेब्रुवारी

भांडण झालं. हे म्हणत होते, टमीने रक्त तपासून घ्यावं, आणि ताबडतोब घ्यावं. टमी म्हणाली, वेळ नाही. हे म्हणाले, वेळ काढ. मग मी मध्ये पडले. म्हटलं, पोर पहाटेपासून घोड्यासारखी राबते आहे, भट्टी एकटीने ओढते आहे, तिला कसला रोग? रोगी माणसाचं अंग सांगतं. उगाच सुया टोचून घ्यायच्या आणि नसता किडा डोक्यात घालून घ्यायचा. आणि लग्नाचं वय आहे, एकदा कागदावर काही आलं की तोंडातोंडी होतं.

हे माझ्याकडे नुसते बघत राहिले. टमीपण बघत होती. मला वाटलं, एकदा तरी कुणी माझ्या बाजूने बोलेल. कुणी बोललं नाही, पण तो विषय तिथेच संपला आणि मला तेवढंच हवं होतं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. तपासणीची नाही, हे पुन्हा ऐकण्याची.

२६ फेब्रुवारी

आज टमी बाजारातून एकच चप्पल घालून आली. दुसरी कुठे पडली तिला पत्ताच नाही. मी आणि मामा हसून हसून बेजार. मी म्हटलं, अशी तंद्री माणसाला एकाच कारणाने लागते, कोण आहे तो सांगून टाक. ती हसली नाही. संध्याकाळी बघितलं तर तळव्यात काच घुसली होती आणि ती तशीच काम करत होती. लहानपणापासून अशीच, कण्हणार नाही की सांगणार नाही.

८ मार्च

औषध लागू पडलं. रक्तातलं ते प्रथिन पाव हिश्श्यावर आलंय. डॉक्टरीणबाईंनी कागद ह्यांच्या हातात दिला, तर ह्यांनी तो उलटा धरून वाचला आणि म्हणाले, उलट्या चिठ्ठीचा रिपोर्ट आहे ना. फार दिवसांनी चेष्टा केली. प्लेटलेट थोड्या खाली आहेत, पण चालतील म्हणाल्या.

परत येताना मी जवळजवळ नाचतच जिना चढले. कारागीर हातावर हात धरून बसलेत. बसा म्हणावं. जन्मभर बसा.

टमीची मात्र काडी झाली आहे. मामांनी तिच्या ॲप्रनची नाडी दोनदा गुंडाळून बांधलेली पाहिली आणि मला सांगितलं. पोटही बिघडतं म्हणे तिचं सारखं. उभ्या उभ्या, भट्टीच्या धगीत खाल्लं की असंच होणार. मी दही लावलंय.

३० मार्च

ठरवलं. टमीला भट्टी द्यायची. ह्या घरात भट्टी अशीच देत आलेत. मोठ्याने भट्टीतून ट्रे काढून पुढे धरायचा, लहानाने तो उघड्या हाताने घ्यायचा, टेबलापर्यंत चालत न्यायचा आणि न आपटता ठेवायचा. मग मोठा म्हणतो, हात बसला. एवढंच. पण ते एकदा म्हटलं की भट्टी त्याची, मग पीठ किती, आच किती, त्याला कुणी विचारायचं नाही. ह्यांना दिली तेव्हा सासऱ्यांचे डोळे भरून आले होते.

हे नको नको म्हणत होते. माझ्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. म्हटलं, तुम्ही बरे होत आहात, पोरीने वर्ष ओढलंय, तिचा मान तिला द्या. टमीला विचारलं तर म्हणाली, "तुला हवंय ना? मग करू."

१२ एप्रिल

झालं. कसं झालं ते नीट लिहायला हवं.

मामा होते, शेजारचा चहावाला आणि त्याची बायको होती, दोन-तीन नेहमीची गिऱ्हाइकं. मी ह्यांना धरून खाली आणलं. हे दांडा धरून ट्रे ओढू शकले, त्यातच त्यांना घाम फुटला. टमीने पुढे होऊन दोन्ही हातांनी ट्रे घेतला. चालत टेबलाशी गेली. आणि ठेवायच्या आधी तशीच उभी राहून मामांना विचारू लागली की ह्या बाजूचे पाव जरा जास्त भाजलेत का. हातात तो धगधगता ट्रे. चहावाल्याच्या बायकोने तोंडावर हात घेतला. माझी छाती अशी भरून आली की काय सांगू. सासऱ्यांनीसुद्धा एवढा वेळ धरला नसेल.

तिने ट्रे ठेवला. सगळे ह्यांच्याकडे बघू लागले. ह्यांनी म्हणायचं होतं. पण हे तिच्या पायांकडे बघत होते. ती अनवाणी होती आणि भट्टीच्या तोंडाशी पडलेल्या निखाऱ्यावर तिची टाच होती. एवढासा निखारा, पण लाल. हे रडायला लागले. घशातून काही आवाज नाही, नुसतं पाणी.

आनंदच तसा होता. लोक ताटकळले, म्हणून शेवटी मीच म्हटलं, "हात बसला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टमीने माझ्याकडे बघितलं आणि हसली.

रात्री तिच्या टाचेला मलम लावलं. एवढी मोठी जखम, हाडापर्यंत असावी. कामाच्या नादात पोरीला भान राहत नाही.

१५ एप्रिल

सकाळी काउंटर उघडायच्या आधी ह्यांनी मला खाली बोलावलं. टमी टाचेसाठी डॉक्टरांकडे गेली होती, मामा गोदामात होते. हे भिंतीला धरून धरून एकटेच उतरले होते. भट्टीतून त्यांनी एक लहान ट्रे ओढला आणि माझ्यापुढे धरला.

"धर."

मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे ना? भाजेल.

"का भाजेल? तीस वर्षं इथेच आहेस. माझ्याइतकंच पीठ मळलंयस, माझ्याइतकेच ट्रे ओढलेयस. धर."

त्यांचा चेहरा असा होता की मी हात लावला. किंचाळून सोडला. पाव घरंगळत कोपऱ्यात गेले. मी बोटं तोंडात घालून उभी, आणि हे शांतपणे विचारतात, तुझा का नाही बसला? मामा तर माझ्या आधीपासून आहेत, त्यांच्या खांद्यावरचं फडकं कधी सुटलंय का? माझ्या आईचे हात मरेपर्यंत पट्ट्यांत होते. तिचा का नाही बसला?

आणि मी, मूर्ख, सवयीने म्हणून गेले, "रक्तात असावं लागतं."

म्हटलं आणि तिथेच थांबले.

हे म्हणाले, "बाबांचा चाळिशीत बसला आणि पन्नाशीनंतर ते अंथरुणाला खिळले. माझा पस्तिशीत. आपल्याला वाटायचं दर पिढीला हात लवकर बसतोय."

मी जमिनीवरचे पाव गोळा केले. धूळ लागलेले, तरी एकेक पुसून टोपलीत ठेवले. काय करत होते मला कळत नव्हतं.

१६ एप्रिल

भाजलेली बोटं ठणकताहेत. लिहायला त्रास होतो.

आवाज बसला म्हणजे आवाज गेला. भिंत बसली म्हणजे पडली. धंदा बसला म्हणजे बुडाला. एवढा एक हातच काय तो बसला की आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि टाळी सुरू कुणी केली, तर मी. ह्या घरात बाहेरून आलेली, जिला चटका कळत होता, ती मी.

तपासणी नको म्हणून भांडले तीही मीच. जितक्या लवकर तितकं जास्त वाचतं, हे डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडावर सांगितलं होतं. जानेवारीत. आज एप्रिल. काच, चप्पल, पोट, ॲप्रनची नाडी. मी सगळं बघितलं आणि दही लावलं.

१८ एप्रिल

टमीशी बोलले. ती ट्रे खरवडत होती. मी कुठून सुरुवात करावी म्हणून घुटमळत होते, तर तीच म्हणाली, बाबांनी तुझ्या हातात ट्रे दिला ना, मामांनी गोदामातून पाहिलं.

मी म्हटलं, टमे, ते हात बसणं नव्हे गं.

"मला माहीत आहे."

कधीपासून? तर चपलेच्या दिवसापासून पक्कं. त्याआधी नुसता संशय. पाय रस्त्याला लागतोय हेच कळलं नव्हतं म्हणे, घरी आल्यावर आम्ही हसलो तेव्हा तिने खाली बघितलं. मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि पोटाशी धरावंसं वाटलं, दोन्ही एकदम. म्हटलं, अगं मग बोलली का नाहीस?

ती ट्रे खरवडतच राहिली. मग म्हणाली, "तू येईल त्याला सांगत होतीस, माझ्या लेकीचा हात बसला म्हणून. मी तुला इतकी खूश कधी बघितलीच नव्हती गं. कसं सांगणार?"

मी तिथून उठून गोदामात गेले आणि पिठाच्या पोत्यांवर बसून रडले. तिच्यासमोर रडले असते तर तिने मलाच समजावलं असतं. तेवढं तरी मला तिला करायला लावायचं नव्हतं.

२४ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी टमीला तपासलं. डोळे मिटायला सांगून थंड चिमटा आणि बोथट सुई एकेका जागी लावत वर वर येत गेल्या. लागतंय? नाही. लागतंय? नाही. जिथे टमी "हो" म्हणाली तिथे पेनने रेघ मारली. दोन्ही पायांवर गुडघ्याखाली वीतभर, हातांवर मनगटाच्या थोडं अलीकडे. रक्त पाठवलंय, पण त्याचं काय येणार ते त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं.

आता त्या रेघेचंच सगळं आहे. रेघेखालचं गेलं. औषध मिळून लागू पडलं तर रेघ आहे तिथे राहील. मी विचारलं, जानेवारीत ही रेघ कुठे असती? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. चांगली बाई आहे. खोटं बोलली.

टमीने घरी आल्यावर रेघा धुतल्या नाहीत. मोजे घालून झोपली.

६ मे

ह्यांच्या हिरड्यांतून रक्त आलं. पोटऱ्यांवर जांभळे डाग. मी रक्त तपासायला दिलं आणि दुपारीच फोन आला, आहात तसे निघून या. प्लेटलेट तळाला गेल्यात. औषध बंद.

ज्या औषधाने वाचत होते त्यानेच हे केलं. कुणावर चिडायचं ते कळत नाही. हे इस्पितळाच्या पलंगावरून म्हणाले, "झाडूवाला गेला. कारागीर उठले कामाला." मी हसले नाही. त्यांनाही हसायचं नव्हतं.

११ मे

टमीचा रिपोर्ट आला. तेच. त्याच जागची चूक.

हे घरी आलेत. भरपूर गोळ्या आहेत, प्लेटलेट हळूहळू चढताहेत, पण पायांत जीव नाही आणि आता हृदयाची भिंतही जाड झाली आहे म्हणे. टमीने रिपोर्ट त्यांच्या पलंगावर ठेवला. त्यांनी तो वाचला नाही. तिचा हात हातात घेतला आणि दोघंही तसेच बसून राहिले. मला एकदम सुचलं की दोघांनाही एकमेकांचा हात लागत नसणार. असलं काही सुचू नये माणसाला.

२३ जून

अर्ज, फोन, पुन्हा फोन. टमीला याच जातीचं, पण नवं औषध द्यायचंय. महिन्यातून एकदाच, आणि प्लेटलेटना धोका कमी. मिळेल म्हणतात. रेघ दर महिन्याला बघायची ठरली आहे. गेल्या वेळेपेक्षा बोटभर वर आहे. ह्यांना देता येईल का विचारलं. बघू म्हणाल्या, आधी तब्येत सावरू दे.

भट्टी मामा सांभाळतात, खांद्यावर फडकं टाकून. मी नियम केलाय, टमीला भट्टीपाशी बूट आणि जाड मोजे, हातात हातमोजे. ती घालते. पूर्वी कुणी असा नियम केला असता तर सासऱ्यांनी त्याला घराबाहेर काढलं असतं. गिऱ्हाइकं विचारतात, काय गं, हात बसला होता ना तुझा? टमी म्हणते, "उठवतेय आता."

३ ऑगस्ट

औषध आलं. पहिलं इंजेक्शन इस्पितळातच दिलं. परतताना टॅक्सीत तिने मला पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे एकटी बसली.

१९ ऑगस्ट

ह्यांना आता भरवावं लागतं. आज म्हणाले, मी जाईन ते जाईन, पण तिची रेघ कुठे आहे ते मला दर वेळी सांगत जा. खोटं सांगू नकोस, माझ्याकडे तेवढा वेळ नाही.

१ सप्टेंबर

आजचं इंजेक्शन मी दिलं.

ह्यांना इतक्या वेळा दिलं, पण लेकीच्या पोटात सुई घालायची म्हटल्यावर मी दोनदा उठून हात धुऊन आले. टमी पलंगाच्या कडेला बसली, सदरा वर धरला. केवढंसं पोट राहिलंय. जन्मली तेव्हा ह्या पोटावर टिचकी मारली की डबडब वाजायचं. मी चिमटीत कातडी धरली. तिने डोळे मिटले होते, आणि मला एकाएकी वाटलं, हिला काहीच कळलं नाही तर? रेघ इथवर आली असेल तर? मनात तेच, आणि त्यात सुई तिरकी गेली.

"आई गं! अगं हळू ना, काय हे!"

इतक्या जोरात ओरडली की आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला. सकाळपासून ते एक शब्द बोलले नव्हते. काय झालं, विचारत होते.

"काही नाही, दुखलं तिला," मी म्हटलं.

आतून त्यांनी पुन्हा विचारलं,

"दुखलं?"

"खूप दुखलं, बाबा," टमी ओरडून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी सुई काढली, कापूस दाबून धरला आणि तो हात मला तिथून उचलवेना.